बारावीच्या मुलांना पहिल्या कामाचा कागद मिळू द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : बारावी उत्तीर्ण मुलामुलींच्या पहिल्या कामाची लेखी नोंद

महोदय,

मी परतूर (जि. जालना) येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे कला शाखेला अर्थशास्त्र शिकवले आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवृत्तीनंतरही माझ्याकडे मुलांचे येणे थांबलेले नाही. कोणाला भरतीचा अर्ज भरून हवा असतो, कोणाला दाखल्यावरच्या नावातली चूक दुरुस्त करण्याचा मार्ग विचारायचा असतो, तर कोणाचे वडील नुसतेच "पोराचं काय करावं, सर?" म्हणत ओसरीवर येऊन बसतात. या येण्याजाण्यातून मला जे दिसले ते आपल्या वृत्तपत्रातून वाचकांपुढे आणि शासनापुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आला होता. २०१९ मध्ये तो बारावी झाला, ५२ टक्के गुण मिळाले. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आणि पाठची बहीण शिकणारी, त्यामुळे निकालानंतरच्या पंधरवड्यातच त्याने रेल्वेने तेव्हाचे औरंगाबाद गाठले आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून कामाला लागला. तेव्हापासून तो प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या मोल्डिंग मशीनवर आहे. साचा बसवणे, तापमान लावणे, माल खराब का येतो ते ओळखणे हे सगळे त्याला येते, आणि नव्याने आलेल्या मुलांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडेच असते. मशीन तेच, शेड तीच आणि सुपरवायझरही तोच राहिला, पण या काळात ठेकेदार मात्र तीन झाले. दर सहा-सात महिन्यांनी त्याला काही दिवसांचा 'ब्रेक' दिला गेला आणि मग पुन्हा नवा माणूस म्हणून त्याची नोंद झाली.

आता दुसऱ्या एका कारखान्यात पाच वर्षे अनुभव असलेला ऑपरेटर हवा आहे. पगार जवळजवळ दीडपट आहे आणि तिथे माणूस ठेकेदारामार्फत नव्हे, कंपनीच्याच पटावर घेतला जाणार आहे. मुलाखतीच्या वेळी त्याला मशीनपुढे उभे केले, तेव्हा त्याने सांगितलेले सगळे करून दाखवले. मग अनुभवाचा दाखला मागितला गेला. त्याच्याकडे काय होते, तर दोन जुने गेटपास, मोबाईलमध्ये जपून ठेवलेले पगार जमा झाल्याचे बँकेचे संदेश आणि भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मधूनमधून दिसणाऱ्या काही नोंदी, त्याही तीन वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावांनी. तो माझ्याकडे आला होता तो एवढ्याचसाठी, की मी त्याचा शिक्षक या नात्याने एका कागदावर लिहून द्यावे की हा मुलगा सहा वर्षे या कामावर आहे आणि प्रामाणिक आहे. "सर, तुमची सही असली तरी चालंल," असे तो म्हणाला. मी लिहून दिले. माझ्या सहीने ते काम होणार नाही हे मला लिहितानाच माहीत होते, आणि ते झालेही नाही.

बारावी झालेल्या मुलांना काम का मिळत नाही याची चर्चा जेव्हा होते तेव्हा बहुधा मुलांच्या उणिवांची यादी वाचली जाते. इंग्रजी येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही, संगणक येत नाही, मेहनतीची तयारी नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत आणि इतकी वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस त्या नाकारू शकत नाही. त्यांची जबाबदारी आम्हा शिक्षकांचीही आहे. चौथी गोष्ट मात्र मला मान्य नाही. पहाटे साडेचारला परतूरच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी आणि बारा तासांची पाळी करून कॉट बेसिसवरच्या खोलीत आठ जणांत झोपणारी मुले ज्याने पाहिली आहेत, तो असे म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. काम मिळण्याआधी या मुलांकडे दहा ठिकाणचे दहा कागद मागितले जातात आणि काम केल्यानंतर त्यांच्या हाती एकही कागद दिला जात नाही. त्यांची पुढची दहा वर्षे या दोन गोष्टींच्या मध्ये अडकून पडतात.

आधी मागितल्या जाणाऱ्या कागदांविषयी. तलाठी आणि लिपिक या ज्या नोकऱ्या गावाकडच्या कुटुंबांना 'सरकारी नोकरी' म्हणून ठाऊक असतात, त्यांना आता बहुतेक ठिकाणी पदवी लागते. बारावीवर मिळू शकणाऱ्या राज्याच्या नोकऱ्यांत पोलीस शिपाई आणि वनरक्षक या दोन प्रमुख आहेत. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि त्यांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर. अट बारावीची असली तरी अर्ज करणाऱ्यांत पदवीधर आणि अभियंतेही असतात, त्यामुळे लेखी परीक्षेत आमच्या मुलाची स्पर्धा त्याच्यापेक्षा तीन-चार वर्षे अधिक शिकलेल्यांशी होते. याबद्दल मी पदवीधरांना दोष देत नाही. त्यांनाही काम हवे आहे. पण बारावी ही किमान अट प्रत्यक्षात किमान राहिलेली नाही, हे मुलांना आणि पालकांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवे. वनरक्षकाच्या पदासाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. २०२३ ची जाहिरात आली तेव्हा माझे कितीतरी जुने विद्यार्थी गुणपत्रक घेऊन आले होते, कारण आपण घेतलेला अर्थशास्त्र हा विषय कुठल्या नोकरीच्या अटीत बसतो हे त्यांना पहिल्यांदाच कळले होते. ज्यांनी सोपे म्हणून दुसरे विषय घेतले त्यांची वाट विषयनिवडीच्या दिवशीच, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी बंद झाली होती, आणि तेव्हा त्यांना तसे सांगणारे कोणी नव्हते. त्यात मीही आलो.

अर्ज भरायचा तर जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अशी रांग लागते. यांतील प्रत्येक कागदाची मुदत वेगळी आणि प्रत्येक जाहिरातीची अखेरची तारीखही वेगळी असते. दाखला मिळतो पण तारखेनंतर मिळतो, अशी उदाहरणे दर भरतीत असतात. २०२४ मध्ये एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणाचा कायदा झाल्यावर मराठा समाजातील ज्या मुलांनी आधी ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्र काढून ठेवले होते, त्यांना ते बाजूला ठेवून नव्याने धावाधाव करावी लागली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर', आधार कार्डावर 'दिनेश्वर' आणि बँकेत 'डी. आर.' असा प्रकार तर घरोघरी आहे, आणि पडताळणीच्या टेबलावर तो समोर आला की मुलाचे वर्ष जाते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घातले आहे, हे खरे आहे. परंतु मुदत मोजायला सुरुवात होण्याआधी लागणारा आजोबांच्या काळातला महसुली पुरावा अठरा वर्षांच्या मुलाने एकट्याने कुठून शोधून आणायचा? मुलगा बारावीत असतो तेव्हा पूर्ण वर्षभर तो आमच्या समोर बसलेला असतो. त्या वर्षात तहसील कार्यालयाने महाविद्यालयातच दोन शिबिरे घेऊन नावांतल्या चुका आणि दाखले पूर्ण केले, तर ही अर्धी दमछाक संपेल. काही ठिकाणी अशी शिबिरे होतात. ती एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात आणि त्याची बदली झाली की बंद पडतात.

पैशांचाही उल्लेख करतो. वनरक्षकाच्या २०२३ च्या परीक्षेचे शुल्क खुल्या गटाला १००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये होते. ज्या घरात मजुरी दिवसाला तीनशे-चारशे मिळते, तिथे एका अर्जासाठी तीन दिवसांची मजुरी लागते. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची बारावी स्तरावरची जी परीक्षा आहे तिचे शुल्क १०० रुपये आहे आणि मुलींना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तेही माफ आहे. एकाच देशात एकाच वयाच्या मुलाकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कात दहापट फरक का असावा, याचे उत्तर राज्य शासनाने द्यावे.

याच केंद्रीय परीक्षेबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. २०२३ पासून ती मराठीसह अनेक प्रादेशिक भाषांत देता येते. रेल्वे भरती मंडळाची बारावी स्तरावरची परीक्षाही मराठीत देता येते. ज्या खिडकीवर आमची मुले संभाजीनगरचे तिकीट काढतात, त्या खिडकीमागची तिकीट क्लार्कची जागा बारावीवर भरली जाते, हे त्यांना माहीत नसते. माझ्या वर्गातल्या ६० मुलांपैकी ५० जण पोलीस भरतीची नावे, तारखा आणि गोळाफेकीचे गुण तोंडपाठ सांगत असत. या दोन परीक्षांचे नाव सांगणारे दोघेतिघेही नसत. हा दोष त्यांचा नाही. गावात भरतीच्या अकॅडमीचा फलक आहे, रेल्वेच्या परीक्षेचा फलक कुठेही नाही.

ज्यांना परीक्षांच्या मागे लागणे परवडत नाही, त्यांच्यासाठी कौशल्याचा रस्ता आहे असे म्हटले जाते. इथे आमच्या शिक्षणपद्धतीतली एक विचित्र गोष्ट सांगतो. आयटीआयला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. कला शाखेतून बारावी झालेला मुलगा उशिरा जागा होऊन आयटीआयला जातो तेव्हा तो दहावी झालेल्या मुलांच्याच बाकावर बसतो आणि मधली दोन वर्षे कुठल्याही हिशेबात धरली जात नाहीत. २०२५ मध्ये राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला आणि १३ लाखांवर मुले उत्तीर्ण झाली. त्यांतली जी मुले विज्ञान शाखेची नाहीत आणि ज्यांना बी.ए., बी.कॉम.ला नावापुरता प्रवेश घेऊन दुसरीकडे काम शोधायचे आहे, त्यांना बारावीच्या दोन वर्षांनी कामाच्या बाजारात नेमके काय दिले, याचा विचार मंडळाने आणि आम्ही शिक्षकांनी कधी नीट केलाच नाही. माझ्या मते कला शाखेतल्या प्रत्येक मुलाला अकरावी-बारावीत आठवड्याला काही तास तरी एखादे हाताचे काम शिकायला मिळाले पाहिजे, आणि त्याची नोंद गुणपत्रकावर आली पाहिजे.

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो मी एका परिच्छेदात संपवू शकत नाही, तरी वगळूही शकत नाही. माझ्या वर्गात पहिल्या पाचांत बहुधा चार मुली असत. निकालानंतर वर्षभराने चौकशी केली की त्यांतल्या तिघींची लग्ने ठरलेली असत. वाळूजला किंवा चाकणला राहण्याची सुरक्षित सोय नसल्यामुळे घरचे पाठवत नाहीत आणि तालुक्याच्या गावी कापडाच्या किंवा मोबाईलच्या दुकानातल्या कामाला महिन्याला चार-पाच हजारांपलीकडे कोणी देत नाही. अंगणवाडी सेविकेच्या पदासाठी आता बारावीची अट आहे आणि उमेदवार त्याच गावची रहिवासी असावी लागते, म्हणून ती एक जागा गावातल्या मुलींच्या डोळ्यांपुढे असते. पण गावात ती एकच असते आणि एकदा भरली की वीस-पंचवीस वर्षे भरलेली राहते. औद्योगिक वसाहतींच्या आवारात शासनाने मुलींसाठी वसतिगृहे बांधली, तर मराठवाड्यातल्या किती घरांतून मुली कामाला बाहेर पडतील, हे मला त्यांच्या आयांशी बोलून ठाऊक आहे. "राहायची सोय दाखवा, मी उद्या पाठवते," असे एका आईने मला स्पष्ट सांगितले होते.

आता काम लागल्यानंतर न मिळणाऱ्या कागदाकडे येतो, कारण माझ्या पत्राचे मूळ तिथे आहे. हा कागद देण्याचा कायदा नाही, असे मुळीच नाही. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा आहे. त्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत असे स्पष्ट लिहिले होते की ठेकेदाराने कामगाराला कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत रोजगारपत्र द्यावे आणि काम कोणत्याही कारणाने संपले तरी सेवेचे प्रमाणपत्र द्यावे. ५० वर्षांहून अधिक काळ हा नियम पुस्तकात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि त्यांतही प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. मी माझ्याकडे येणाऱ्या, कारखान्यांत कामाला असलेल्या मुलांना गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारत आलो आहे, की तुला कामाचा कागद मिळाला का. होय म्हणणारा मला आजवर क्वचितच भेटला. एकाने तर उलट विचारले, "सर, असा कागद असतो का?"

कागद न देण्यामागचे कारण मुलांना कळत नसले तरी ठेकेदारांना नीट कळते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की कामगाराला कायद्याने काही हक्क मिळतात, म्हणून त्याआधीच 'ब्रेक' दिला जातो. हाती कागद नसला की पुढे कोणताही दावा उभा राहत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी अनुभव दाखवता आला नाही की मुलगा त्याच ठेकेदाराकडे, त्याच पगारावर परत येतो. सहा वर्षे मशीन चालवणारा माणूस अशा रीतीने हेल्परच राहतो. ज्या कारखान्यात तो उभा असतो त्या कारखान्याने, म्हणजे कायद्याच्या भाषेत मूळ मालकाने, आपल्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा कागद मिळाला आहे याची खात्री केल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये, इतकी साधी अट घातली तरी चित्र बदलेल. बिलाला कागद जोडण्याची सवय कारखान्यांना असतेच. भविष्य निर्वाह निधीचे चलन ते जोडून घेतात, त्यातच आणखी एक कागद जोडायचा आहे.

याच कमतरतेचा फायदा फसवणूक करणारेही घेतात. खरे काम देणारे कागद देत नाहीत आणि खोटे काम देणारे लगेच देतात, असा अनुभव असल्यामुळे शिक्का आणि सहीचे नियुक्तीपत्र मोबाईलवर आले की आईबापांचा विश्वास बसतो. गणवेशाचे, प्रशिक्षणाचे, 'परत मिळणाऱ्या' अनामत रकमेचे पैसे मागितले जातात आणि ते दिले जातात. आमच्या शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाने यासाठी बैलजोडी विकली. असा प्रकार झाल्यास सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवता येते. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम थांबवण्याची शक्यता असते. हा क्रमांक आपल्या वाचकांनी घरातल्या मुलांना पाठ करून द्यावा.

कायदेशीर आणि लेखी अशी पहिली नोकरी देणारी एक व्यवस्था आपल्याकडे आहे, ती म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि आयटीआय नसलेल्या, नुसत्या बारावी झालेल्या मुलांनाही तिचे दार उघडले. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि बारावी उत्तीर्ण मुलाला महिना किमान ७००० रुपये विद्यावेतन दिले पाहिजे, असा नियम २०१९ मध्ये ठरला. त्यात केंद्र शासन दरमहा १५०० रुपयांपर्यंतचा वाटा उचलते. याचा लेखी करार होतो, त्याची नोंद शासनाच्या संकेतस्थळावर राहते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. आमच्या भागातल्या मुलांना शिकाऊ उमेदवारी म्हटले की आयटीआय आणि एसटीचा डेपो एवढेच आठवते. बारावीवर आपल्यालाही हे मिळू शकते, हे महाविद्यालयात कोणी सांगत नाही, कारण ते सांगणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. ७००० रुपयांत चाकणसारख्या ठिकाणी खोली आणि मेसचा खर्च भागत नाही, हेही खरे आहे. म्हणून जिल्ह्याबाहेरून आलेल्या शिकाऊ उमेदवारांना राहण्याखाण्यासाठी राज्याने वेगळी भर घातली पाहिजे.

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी झालेल्यांना महिना ६००० रुपये विद्यावेतन थेट खात्यात मिळू लागले. सुरुवातीची सहा महिन्यांची मुदत नंतर अकरा महिने झाली. मी या योजनेचे मनापासून स्वागत केले होते. माझे पाच-सहा विद्यार्थी शाळांत आणि ग्रामपंचायतींत लागले आणि पहिल्यांदा त्यांच्या हातात आपल्या नावाचा, शासनाचा कागद आला. परंतु मुदत संपताच ते घरी आले. पुढे काय, हे विचारण्यासाठी राज्यात ठिकठिकाणी या प्रशिक्षणार्थ्यांनी आंदोलने केली. सर्वांना कायम करा ही मागणी मान्य होणे अवघड आहे, हे मलाही समजते. मात्र अकरा महिने शासनाच्याच कार्यालयात संगणकावर काम केलेल्या मुलीला त्याच कार्यालयाच्या पुढच्या भरतीत त्या कामाचे काही गुण मिळावेत, ही मागणी अवाजवी नाही. शासनानेच आपण दिलेल्या कागदाला किंमत दिली नाही, तर ठेकेदाराने ती द्यावी असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

महाराष्ट्राला हे जमणार नाही असे म्हणता येत नाही. १९६९ मध्ये याच राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. पाठीवर पोती वाहणाऱ्या, आज या गोदामात तर उद्या त्या गोदामात काम करणाऱ्या माणसाची नोंद माथाडी मंडळाकडे व्हावी, मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ती कामगाराला द्यावी, अशी रचना अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यामुळे उभी राहिली. मालक बदलला तरी माणसाची नोंद एकाच ठिकाणी राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. त्या व्यवस्थेतही पुढे दोष शिरले, ते मी लपवत नाही. पण कागद नसलेल्या माणसाला कागद कसा द्यायचा, हे या राज्याला ५५ वर्षांहून अधिक काळापूर्वी सुचले होते. आज तर आधार, बँक खाते आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक प्रत्येक मुलाकडे आहे. त्या क्रमांकाशेजारी मालकाचे नाव दिसते, पण मुलाने काम कोणते केले ते दिसत नाही. तिथे कामाचे स्वरूप लिहिणारा एक रकाना वाढवला आणि तो भरणे सक्तीचे केले, तर माझ्या त्या विद्यार्थ्याला माझ्या दारी यावे लागले नसते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे आज रोजगार मेळावे भरवण्याचे काम आहे. मेळाव्यात किती मुले आली याबरोबरच त्यांतल्या किती मुलांच्या हाती सहा महिन्यांनी कामाचा कागद आहे, हेही त्या केंद्राने मोजून जाहीर करावे.

छोट्या उद्योजकांची बाजूही मी ऐकली आहे. जालन्यातल्या एका परिचित कारखानदाराने मला सांगितले की मुले पंधरा दिवसांत न सांगता निघून जातात, पहिल्या पगारानंतर फोन उचलत नाहीत, मग कागद करायचा कोणासाठी? त्याचे म्हणणे खोटे नाही. मात्र मुले का जातात हे त्याने कधी विचारले नव्हते. मी विचारले आहे. सांगितलेला पगार आणि हाती आलेला पगार यांत गणवेशाचे, जेवणाचे, 'कमिशन'चे पैसे कापले गेलेले असतात आणि आधी लेखी काहीच नसल्यामुळे वाद घालायलाही जागा नसते, म्हणून ती निघून जातात. पहिल्या दिवशी पगार, पाळी आणि कपात लिहून दिली तर मुलगा टिकण्याची शक्यता वाढते, हे त्या कारखानदाराने माझ्या सांगण्यावरून करून पाहिले. गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या नऊ मुलांपैकी सात अजून त्याच्याकडे आहेत.

मुलांना आणि पालकांनाही मला काही सांगायचे आहे. कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात कागद मागा; देत नसतील तर निदान मशीनचे नाव, पाळी, सुपरवायझर आणि पगार यांची नोंद आपल्या वहीत तारखेसह ठेवा आणि पगाराचे बँकेचे संदेश पुसू नका. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक दर तीन महिन्यांनी पाहा आणि आधारवरचे नाव त्याच्याशी जुळते का ते तपासा, कारण ते नाव चुकले तर पुढे पैसेही निघत नाहीत आणि अनुभवही सिद्ध होत नाही. ठेकेदार बदलला तर जुन्याकडून लिहून घेतल्याशिवाय नव्याकडे सही करू नका. काम करता करता पदवी घ्यायची असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता १९८९ पासून खुला आहे. पाळीत काम करणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तिथून बी.ए. पूर्ण केले आणि त्यांतला एक आज लिपिक आहे.

शेवटी आपल्याला एक विनंती. बारावीच्या निकालानंतर आपल्या वृत्तपत्रात गुणवंतांची छायाचित्रे येतात, ती यावीतच. त्याच अंकात एक पान असेही द्यावे की ज्यात जिल्ह्यात त्या महिन्यात बारावीवर मिळू शकणाऱ्या शिकाऊ उमेदवारीच्या जागा, केंद्राच्या आणि रेल्वेच्या मराठीतून देता येणाऱ्या परीक्षांच्या तारखा, लागणाऱ्या दाखल्यांची नावे आणि नियुक्तीपत्राचा एक कोरा नमुना असेल. तो नमुना कापून मुलगा खिशात घालून कामावर नेईल आणि सुपरवायझरपुढे ठेवील. मजकूर तयार करण्याचे काम माझ्यावर सोपवल्यास मी ते विनामूल्य आणि वेळेत करून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक,
परतूर, जि. जालना